चार चौकटींचा रतीब

तेर हे आमचे गाव तेरणेच्या काठी, तेव्हाच्या उस्मानाबादेपासून फार लांब नव्हे. तरीही तेथे वर्तमानपत्र यावयाचे ते दुपारच्या एस.टी.ने, आणि त्यामुळे पुण्यामुंबईची मंडळी सकाळच्या चहाबरोबर ज्या बातम्या वाचून विसरूनही गेलेली असत, त्या आमच्या वाचनालयाच्या बाकावर उन्हे कलल्यानंतर प्रथम उलगडल्या जात. अंक एकच आणि वाचणारे वीस, अशी स्थिती असल्याने त्याच्या वाटणीचा एक अलिखित शिरस्ता पडून गेला होता. पहिले पान वडीलधाऱ्यांकडे जाई. बाजारभावाचे पान, ज्यांचा माल लातूरच्या आडतीत पडलेला असे त्यांच्याकडे. आणि हे सर्व हक्क रीतसर वसूल होऊन अंक पुन्हा मेजावर पडला म्हणजे मग आम्हा मुलांची पाळी. आम्हांस त्या अंकातून फारसे काही नको होते. पानाच्या कडेला अंग चोरून बसलेली, तीन-चार चौकटींची, वीतभर लांबीची एक चित्रपट्टी तेवढी पाहावयाची, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने वाचावयाची, आणि उद्याच्या दुपारपर्यंत तिच्यावर निर्वाह करावयाचा.

तो काळ १९९२-९३ चा. पट्टीचे नाव 'चिंटू'. पुण्याच्या 'सकाळ'मध्ये २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ती प्रथम छापली गेली. प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित हे तिचे दोघे जनक. रेषा पंडितांची आणि विनोदाची जुळवाजुळव दोघांची. मराठी वाचकास व्यंगचित्र काही नवे नव्हते. शंकरराव किर्लोस्करांनी आपल्या मासिकातून ते घरोघर नेले होते. दीनानाथ दलाल, वसंत सरवटे, शि. द. फडणीस यांच्या कुंचल्यांनी दिवाळी अंकांस नवे रूप दिले होते. आणि १९६० साली 'मार्मिक' निघाल्यापासून राजकीय व्यंगचित्राचा आसूडही महाराष्ट्राने पाहिला होता. परंतु रोज सकाळी, त्याच पत्रात, त्याच मुलाने त्याच आईवडिलांसह येऊन घटकाभर भेटावे आणि ती भेट वर्षानुवर्षे चालू राहावी, अशी मराठी घरातून जन्मलेली आणि मराठी घरातच रमलेली चित्रपट्टी जिने इतक्या लोकांस लळा लावला, ती मात्र हीच. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, शेजारच्या जोशीकाकू ही माणसे आम्ही तेरच्या मुलांनी कधी पाहिली नव्हती. त्यांची सोसायटी, त्यांचा जिना, त्यांची शाळेची रिक्षा, यांपैकी आमच्या गावात एकही वस्तू नव्हती. पण परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पोटात येणारा गोळा, पाहुण्यांपुढे ठेवलेल्या खाऊवरची आशाळभूत नजर, आणि आपण केलेल्या उपद्व्यापाचा सुगावा आईला लागला आहे की नाही याचा तिच्या चेहऱ्यावरून घेतलेला अंदाज, या गोष्टींस पुणे आणि तेर असा भेद नसतो.

आमच्या आजोबांचे शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दू माध्यमातून झालेले. वर्तमानपत्र हा त्यांच्या दृष्टीने गंभीर दस्तऐवज होता आणि त्यात असला पोरखेळ छापणे म्हणजे कागदाची नासाडी, असे त्यांचे प्रारंभीचे मत होते. ते मत बदलल्याचे त्यांनी कधी जाहीर केले नाही. मात्र वर्षभरातच, वाचनालयातून मी परतलो की ओसरीवरून प्रश्न येऊ लागला, "काय केलं रं त्या पोरानं आज?" मी सांगू लागलो की ते माझ्याकडे न पाहता अडकित्त्याने सुपारी कातरीत राहत, सांगून झाले की, "बापाला काय बोलला?" असे पुन्हा विचारीत. चित्रपट्टी कानांनी ऐकणारा असा वाचक मी नंतर पाहिला नाही.

या प्रकारची चित्रे वर्तमानपत्रात शिरली ती मुळात पत्रांच्या चढाओढीतून. न्यूयॉर्कमध्ये १८९५ च्या सुमारास पुलित्झर यांच्या पत्रात पिवळ्या अंगरख्यातले एक टकले पोर लोकप्रिय झाले, आणि त्याच्या चित्रकाराला प्रतिस्पर्धी हर्स्ट यांनी आपल्याकडे ओढून नेले, इतकी त्या पोराची किंमत ठरली. पुढे अशा पट्ट्यांच्या नकला एकाच वेळी शेकडो पत्रांस पुरविणाऱ्या संस्था निघाल्या. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' ही मालिका तर ऐन भरात पंचाहत्तर देशांतल्या सव्वीसशे पत्रांतून छापली जात असे. 'ब्लॉन्डी' १९३० साली सुरू झाली ती मूळ चित्रकाराच्या पश्चात त्याच्या मुलाने चालू ठेवली. हा इतिहास सांगणे तसे सोपे आहे. मला अधिक कुतूहल आहे ते या इवल्याशा वस्तूच्या घडणीचे.

पट्टीला जागा अत्यंत थोडी. चार चौकटी धरल्या तर पहिलीत ठिकाण आणि माणसे, दुसरीत काहीतरी बिनसल्याची चाहूल, तिसरीत एक क्षणाचा विसावा, आणि चौथीत उलगडा, असा साधारण ताल असतो. यातली तिसरी चौकट सर्वांत अवघड, कारण तिच्यात पुष्कळदा कोणी काही बोलत नाही. पोर नुसते उभे असते, किंवा बाप वर्तमानपत्राआडून नुसता पाहत असतो. आणि त्या न बोलण्यातच पुढच्या हसण्याचा दाब साठतो, जसा तबलजी समेपूर्वी हात किंचित रोखून धरतो. दुसरी खुबी चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत आहे. चित्रकार फक्त क्षण काढतो; एका क्षणातून दुसऱ्या क्षणात जाताना काय घडले हे त्या फटीत असते, आणि तेथे काहीच छापलेले नसल्यामुळे ते काम वाचकाला स्वतः करावे लागते. पहिल्या चौकटीत हातात चेंडू आहे आणि दुसरीत काचेचे तुकडे आहेत. चेंडू उडाला, खिडकीवर आदळला, 'खळ्ळ' असा आवाज झाला, हे सारे मी रचलेले. जी गोष्ट आपण स्वतः निम्मी रचली तिच्यावर माया बसते, आणि तशी ती रोज रचावी लागली तर मायेला मुळे फुटतात.

ही कला आपल्याकडे सर्वस्वी परक्या मुलखातून आली असे मानण्याची प्रथा आहे. मला ती पुरती मान्य नाही. छापील पट्टी बाहेरची, हे खरे. परंतु एकापाठोपाठ एक चित्रे दाखवून कथा चालती ठेवण्याची रीत या मातीत फार जुनी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरील जातककथांत एकच बोधिसत्त्व एकाच चित्रविस्तारात पुनःपुन्हा येतो आणि पाहणाऱ्याने त्याच्यामागून चालावयाचे असते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचविलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रांच्या साहाय्याने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे, आणि ते कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण, आमच्या गावाहून फार लांब नव्हे. कोकणात कुडाळजवळ पिंगुळीच्या ठाकर मंडळींनी चित्रकथीची परंपरा आजवर जपली आहे. कागदावर रंगविलेल्या चित्रांचा गठ्ठा, ज्याला ते पोथी म्हणतात, तो पुढे धरून एकेक चित्र उलटीत गाणे आणि निरूपण चालते. त्याच जातीची पैठणची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहावयास मिळतात. त्या चित्रांतले मोठाल्या डोळ्यांचे, एका बाजूस तोंड केलेले, हात उगारलेले वीर पाहिले की वाटते, यांच्या तोंडून फक्त संवादाचा फुगा निघावयाचा राहिला आहे. फुग्याचे काम तेथे चित्रकथ्याचा कंठ करीत होता. आणि आमच्या ओसरीवर, आजोबांपुढे उभा राहून, तेच काम मी करीत होतो.

परदेशी पट्ट्याही मराठी झाल्याच. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले; ते १९९० पर्यंत चालले आणि त्या अवधीत सुमारे आठशे अंक निघाले. त्यांच्या मराठी आवृत्तीने ली फॉक यांचा १९३६ साली जन्मलेला 'फँटम' आमच्याकडे 'महाबली वेताळ' या नावाने आणला. त्या नामकरणाचे मला आजही कौतुक वाटते. ज्या मुलखात गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला वेताळ बसलेला असतो, अमावास्येला त्याची पालखी निघते असे मानणारी माणसे असतात, आणि विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मुलांना आजीच्या तोंडून ठाऊक असतो, त्या मुलखात मुखवटा घातलेल्या, मरत नाही अशी ख्याती असलेल्या अरण्यपुरुषाला दुसरे कोणते नाव शोभले असते? प्रत्यक्षात तो एकविसावा; बापामागून मुलगा तोच वेष चढवितो म्हणून लोक त्याला अमर समजतात. वतनदारीच्या या तत्त्वाची फोड आमच्या वर्गातल्या पाटलांच्या मुलाला करून सांगावी लागली नाही. भारतीय आवृत्तीत त्याच्या अरण्याचे नाव बदलून 'डेंकाली' केलेले होते, आणि आम्ही भूगोलाच्या नकाशात ते पुष्कळ शोधले.

वेताळाचे अंक घरोघर फिरत, हरवत, पाने गळून येत. चिंटूची मात्र मी वही केली. वाचनालयाचा अंक कापण्यास सक्त मनाई होती आणि ती योग्यच होती. परंतु माझे मामा पुण्यास नोकरीला होते, आणि ते दोन-अडीच महिन्यांनी गावी येत तेव्हा मामींनी कापून ठेवलेल्या पट्ट्यांचे पाकीट त्यांच्या पिशवीत असे. त्या पट्ट्या बहुतेक मी वाचनालयात पूर्वीच पाहिलेल्या असत. म्हणून आनंद कमी होत नसे. उलट, आपली माणसे आता आपल्या घरी राहावयास आली, असा तो आनंद होता. आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवून देई. दोनशेपानी वहीच्या उजव्या पानावर तीन पट्ट्या तारीखवार चिकटवावयाच्या, डावे पान कोरे सोडावयाचे, आणि ज्या तारखेची पट्टी मिळाली नसेल तिथे पेन्सिलीने चौकट आखून 'येणे' असे लिहावयाचे, हा हिशेब मी वडिलांच्या खतावणीवरून उचलला होता.

तेरमध्ये वेचून ठेवण्याची सवय हवेतच असावी. हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथून कापडाचा माल भडोचच्या बंदरी जातो, अशी नोंद आहे. त्या नगराची पांढर आमच्या घरांच्या खाली आणि भोवती पसरलेली आहे, आणि पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली की तिच्या उतारावर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या मूर्तींची मस्तके उघडी पडतात. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा हजारो वस्तू आयुष्यभर जमविल्या, आणि आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात त्या आहेत. पाहुणे येतात ते पॉम्पेईस सापडलेल्या मूर्तीशी नाते सांगणारी हस्तिदंती स्त्री पाहण्यासाठी. मला मात्र नेहमी थांबविले ते केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांनी. पुढचा अर्धा एका साच्यात आणि पाठचा अर्धा दुसऱ्या साच्यात काढून, दोन्ही सांधून, आतून पोकळ अशा त्या भाजलेल्या असत. साचा म्हटला की एकासारख्या अनेक निघणार, स्वस्त पडणार, आणि श्रेष्ठींच्या वाड्यापासून विणकराच्या झोपडीपर्यंत सर्वत्र पोहोचणार. छापखान्याच्या ठशाने पुढे कागदावर जे केले, ते सातवाहनांच्या काळी या गावात मातीवर होत होते. घडविणाऱ्याने ती वस्तू दोन हजार वर्षे टिकावी म्हणून केली नसेल. रोजच्या वापराची म्हणून केली, फुटली तर दुसरी आणता येईल म्हणून केली. आणि तरीही एवढ्याशा चेहऱ्याच्या ओठांवर कोरणीची जी एक रेघ आहे, तिच्यात करणाऱ्याचा जीव स्पष्ट दिसतो.

वर्तमानपत्रातली पट्टी याच कुळातली. संध्याकाळी तिच्यात कोणी भजी बांधून देणार, हे चित्रकाराला ठाऊक असते. तरी चिंटूच्या कपाळावरची एक केसाची बट वाकडी गेली तर तो कागद फाडून नवा घेतो. ज्या वस्तूचे आयुष्य एका दिवसाचे, तिच्यावर इतके श्रम, आणि ते दररोज, आजारपण असो की घरात लग्न असो. याला मी रतीब म्हणतो. दुधाचा रतीब घालणाऱ्याची किंमत एका सकाळच्या दुधावरून ठरत नाही. तीनशे पट्ट्यांत एखादी फिकी निघते, दोन-चार निघतात. वाचक ते मनावर घेत नाही, कारण त्याचा ऋणानुबंध त्या विशिष्ट विनोदाशी नसून दाराशी येणाऱ्या पावलांशी असतो. शुल्झ यांनी पन्नास वर्षे आपली पट्टी स्वतःच्याच हाताने काढली, मदतनीस ठेवला नाही. प्रकृती ढासळल्यावर त्यांनी निरोपाची पट्टी रेखाटली. ती १३ फेब्रुवारी २००० च्या रविवारी छापून आली आणि आदल्याच रात्री ते निवर्तले होते. लाखो लोक त्या सकाळी आपल्या घरातले माणूस गेल्यासारखे हळहळले, यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

आणि ही माणसे वयाने वाढत नाहीत. चिंटूवर २०१२ साली श्रीरंग गोडबोले यांनी चित्रपट काढला, पुढच्या वर्षी दुसराही आला. तोवर त्याचे पहिले वाचक नोकरीधंद्याला लागले होते, कित्येकांच्या मांडीवर स्वतःची मुले होती, आणि तो मात्र होता तेथेच, तेवढाच. पहिल्यांदा वाचताना मी चिंटूच्या बाजूचा होतो. पंधरा वर्षांनी तीच पट्टी वाचली तेव्हा मला पप्पांचा थकवा दिसला. कचेरीतून आलेला माणूस सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच प्रश्नांची सरबत्ती सुरू होते, ती चौकट पूर्वी मी किती सहज ओलांडली होती! आता आजोबांच्या वाटेला लागल्यावर मी वृद्ध पात्रांच्या चेहऱ्यांकडे पाहतो. स्थिर राहिलेल्या त्या चित्रावरून मला माझी चाल मोजता येते, जशी आगगाडीतून जाताना दूरच्या डोंगरावरून मोजतो.

३० सप्टेंबर १९९३. अनंतचतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूरकडे काय झाले हे दुपारपर्यंत कळू लागले, आणि पुढे मृतांचा आकडा दहा हजारांच्या घरात गेल्याचे ऐकून मोठी माणसे बोलेनाशी झाली. तेरमध्ये आमच्या माळवदाच्या घराला भेगा गेल्या, माणसे वाचली. त्यानंतरच्या कित्येक रात्री आम्ही मोकळ्या खळ्यावर काढल्या, कारण जमीन अधूनमधून हलतच होती आणि छताखाली जाण्याचा धीर कोणास होत नव्हता. पहिल्या धक्क्यानंतर आईने घरातून जो एक बस्ता बाहेर आणला त्यात सातबाराचे उतारे होते, शिधापत्रिका होती, आजोबांचे निजामकाळातले दाखले होते, आणि त्या कागदांच्या मध्ये माझी वही होती. ती का आणलीस, असे मी तिला कधी विचारले नाही. रात्री कंदिलाभोवती गल्लीतली दहा-बारा मुले जमत, काही रडवेली, काही गप्प. आणि मी वही उघडून पहिल्या पानापासून वाचू लागे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना चित्रे कळत. एका रात्री वाचतावाचताच जमीन हलली, कंदिलाची ज्योत थरथरली, सगळे एकमेकांना बिलगले, थांबल्यावर एक मुलगी म्हणाली, "पुढं वाच की." आजोबा बाजेवर उशाला हात घेऊन जागेच होते.

ती वही आज माझ्याकडे आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन नावाचा जो अंश राहून जातो तो उजेड आणि हवा लागून कागदाला पिवळा आणि मग तपकिरी करतो, इतका की घडी घालू गेले तर तो मोडतो. त्यात आमची खळ गव्हाची. कसरीला तिच्यासारखे पक्वान्न नाही. १९९२ च्या पावसाळ्यातल्या एका पट्टीची चौथी चौकट कसरीने पुरती खाऊन टाकली आहे; खाली वहीच्या कागदावर खळीचा डाग तेवढा उरला आहे. चिंटूच्या पट्ट्यांचे छापील संग्रह निघाले आहेत, आणि त्यांतून तिची रुजवात घालणे अवघड नाही. परंतु गेल्या दिवाळीत ते पान उघडले असता आई ठामपणे म्हणाली की शेवटी तो पोरगा झोपून गेलेला होता. मामांना आठवते ते त्याने दाराआडून डोकावणे. मला दिसते त्याची आई हसू दाबीत पाठ फिरवून उभी राहिलेली. माझी पुतणी, वय वर्षे सात, आम्हा तिघांचे ऐकून घेऊन वही मांडीवर ओढू लागली आणि पेन्सिल कुठे आहे असे विचारू लागली. संग्रह अद्याप मी उघडला नाही.